बुडालेल्या गव्हाची तहान

१४ जानेवारी

चि. बुडव्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी खुशाली विचारणार नाही. काचेच्या उबदार खोलीत बसून टबांत गहू बुडवायचा पगार ज्याला मिळतो, त्याला काय धाड भरणार आहे? तुमच्या संशोधन केंद्रात गहू बुडवायला टब लागतात, नळ लागतो, मदतनीस लागतात आणि वर एक साहेब लागतो. आमच्याकडे तेच काम आभाळाने फुकटात करून दिलं. भलत्या वेळी आठवडाभर पाऊस. वरच्या शेतातलं पाणी वाहून गेलं, पण ओढ्याकडचं खालचं शेत भरलेल्या परातीसारखं चमकतंय. घोटाभर पाणी, आणि त्यात उभा माझा गहू.

आता खरी गोष्ट ऐक. खुब्याचं हाड मोडल्यापासून बाबा खिडकीशी खाटेवर असतात आणि खिडकीतून नेमकं तेच शेत दिसतं. काल काका आले, सोबत शेजारचा तळेवाला. त्याला आपल्या या खालच्या शेतात माशांसाठी आणखी एक तळं खणायचंय. बोलताना त्याचं तोंडही माशासारखं उघडमिट होतं. काकांचं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी दिलं, की ज्या जमिनीला बुडायची एवढी हौस आहे तिला बुडू द्यावं. मग बाबांनी निकाल सांगितला. यंदा खालच्या शेताचा एकरी उतारा वरच्याच्या बरोबरीने आला तर शेत माझ्याकडे राहील, नाहीतर तळेवाल्याकडे जाईल. मी समोर उभी होते, पण सांगितलं काकांना. आई होती तेव्हा या घरातले निरोप ती पोचवायची. ती गेल्यापासून आम्ही एकमेकांना ऐकू जाईल असं तिसऱ्याशी बोलतो.

ते शेत मी हातात घेतलं तेव्हा तिथे कमरेएवढं गवत होतं, हे तू पाहिलंयस. ते गेलं तर मला वरच्या शेतातही पाय टाकावासा वाटणार नाही. हे तुला सांगतेय, त्यांना नाही.

गव्हाची खालची पानं पिवळी पडायला लागलीत. विचारत नाहीये, नुसतं कळवतेय.

लोभ आहे तेवढा पुरे.

तुझी,
ताई


२१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू विचारलं नाहीस, म्हणून मीही उत्तर देत नाहीये. नुसतं कळवतोय.

मुळांना श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते, ती त्यांना पुरते. फटी पाण्याने भरल्या की उरलीसुरली हवा एक-दोन दिवसांत संपते आणि मुळांची टोकं गुदमरून मरायला लागतात. मेलेलं मूळ ना पाणी ओढत, ना खत. शिवाय मातीतलं नत्र काही वाहून जातं आणि काही तिथले जिवाणू फस्त करून हवेत उडवतात. मग झाड म्हाताऱ्या पानांतलं नत्र काढून कोवळ्या पानांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून वर चढतो. आपल्या घरात हे सगळं उलट चालतं, त्यामुळे तुला ओळखू आलं नसेल.

आता काम. आधी पाणी काढ. बांधाच्या कडेने थेट ओढ्यापर्यंत खोल चर खण. पाणी उभं असताना खत टाकू नकोस, ते तळेवाल्याच्या माशांना पोचेल. पाय रुतेनासा झाला की थोडा युरिया दे. आणि हे काकांना पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दे, की दुपारी गहू मान टाकेल, ओल्या मातीत उभा असून तहानलेला दिसेल, कारण मुळं पाणी ओढतच नाहीत. त्याला पाणी पाजायचं नाही.

एखादं रोप उपटून मुळं हुंगून बघ. काळी आणि कुजकट असली तर मेली. खोडाच्या बुडाशी नवी, पांढरी, जाडसर मुळं दिसली तर आशा आहे, त्यांच्या आत हवेसाठी पोकळ्या असतात. बुडातून फुटलेल्या बाजूच्या काड्या, म्हणजे फुटवे, जे मेले ते मात्र परत येत नाहीत. म्हणजे ओंब्या कमीच येणार. बाबांना हे आत्ताच सांगून ठेव.

इकडचे साहेब टबांतला गहू दारातूनच बघतात, कारण आत आलं की बूट ओले होतात. त्यांचं एक लाडकं वाण आहे. ते पाण्याला दाद देत नाही, हे सिद्ध करायला मला नेमलंय. वाणाला अजून हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. तर साहेब मला पाण्यात पाहतात आणि मी गव्हाला.

तुझी माया खालून पिवळी पडू नये, एवढंच मागणं.

तुझा,
धाकटा


९ फेब्रुवारी

चि. बुडव्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चर खणला. मी आणि कामाला येणाऱ्या दोघी, तिघींनी मिळून. चिखलात बूट रुतून राहिला आणि मी मोज्यावर घरी आले, ते बाबांनी खिडकीतून पाहिलं आणि खिडकीलाच सांगितलं, की लोक शेतात बी पेरतात, हिने बूट पेरलाय. पाणी उतरलं. माती आतून लोण्यासारखी ओली, पण वर पाणी नाही.

मग मी युरिया आणायला बाजारात गेले. पाटीवर लिहायचं राहिलं होतं. परत येते तर काय, काका बांधावर पंप लावून बसलेत आणि ओढ्याचं पाणी पुन्हा माझ्या शेतात ओततायत! दुपारी गव्हाने मान टाकलेली त्यांना दिसली, पुतणी शेत सोडून बाजारात हिंडते म्हणून त्यांचा जीव कळवळला. बाजूला तळेवाला उभा राहून माना डोलावत होता. डोलावणारच. त्याचं तळं काका भरून देत होते.

मी काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात, बुडणाऱ्या माणसाच्या तोंडाला जो तांब्या लावतो त्याला काय म्हणतात ते सांगितलं. पंप बंद केला. पाइप ओढून काढला, तो काट्यांत अडकून फाटला, तसाच नेऊन त्यांच्या अंगणात फेकला, आणि कामाला येणाऱ्या दोघींच्या आणि तळेवाल्याच्या देखत सांगितलं, की हा पंप पुन्हा माझ्या बांधावर दिसला तर ओढ्यात ढकलीन. फार बरं वाटलं. घरी येऊन पोटभर जेवले.

आणि आता बस खुर्चीला धरून. युरिया टाकला आणि गहू हिरवागार झालाय! बाबा खिडकीला सांगत होते, की वरच्यापेक्षा खालचंच बरं दिसतंय. तळेवाला तिकडून जाताना मान खाली घालतो. तुझ्या मेलेल्या मुळांना, उडालेल्या नत्राला आणि कमी येणाऱ्या ओंब्यांना माझा नमस्कार सांग. एवढी वर्षं पुस्तकं वाचून तू शेवटी शेजारच्या म्हातारीसारखं भाकीतच करायला शिकलास.

तुझ्यावर लोभ आहे, तुझ्या विद्येवर नाही.

तुझी,
ताई


१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी हसलो, मग घाबरलो.

हिरवं पान बघून हुरळणारी तू एकटी नाहीस. आमच्या टबांतला गहूही पाणी काढून खत दिल्यावर असाच हिरवा झाला. साहेबांनी लगेच पाहुणे बोलावले, टबांशेजारी उभं राहून फोटो काढले (बूट कोरडे) आणि वाण टिकाऊ असल्याचं जाहीर केलं. मी म्हटलं, दाणा भरू द्या, वजन करू, मग बोलू. त्यावर ते म्हणाले, की पाहुणे दाणे मोजायला येत नाहीत. तू आणि साहेब, दोघांचं छान जमेल. दोघंही गव्हाची फक्त वरची बाजू वाचता.

ताई, थट्टा बाजूला. तुझ्या गव्हाची खोल गेलेली मुळं मेली आहेत. नवी आली ती वरच्या थरातच पसरली, कारण खाली तेव्हा हवा नव्हती. आत्ता वर ओल आहे तोवर सगळं झकास दिसेल. पण फुलोरा संपून दाणा भरायला लागला आणि गरम वारा सुटला, की वरचा थर आधी सुकेल. वरच्या शेतातला गहू खोलवरचं पाणी पिऊन तग धरेल. तुझ्या गव्हाची मुळं तिथवर पोचतच नाहीत. पानं वेळेआधी वाळतील आणि दाणा अर्धवट भरून सुरकुतेल.

म्हणून नीट ऐक. दाणा दुधात आला, म्हणजे दाबल्यावर पांढरा चीक निघायला लागला, की त्या शेताला हलकं पाणी दे. पाणी उभं राहता कामा नये, चर मोकळा ठेव, पण माती सुकू देऊ नकोस. पाटाचं पाणी खाली येत नाही हे मला माहीत आहे. ओढ्यातून पंपानेच घ्यावं लागेल. आणि गावात रिकामा पंप कुणाकडे असतो, तेही मला माहीत आहे.

शिव्या देऊन झाल्या की उत्तर पाठव.

तुझा,
धाकटा


६ मार्च

चि. बुडव्यास,
आशीर्वाद, पण थोडेच.

आधी म्हणालास पाणी काढ, काढलं. आता म्हणतोस पाणी घाल. बुडून मेलेल्याला तहान लागते, हा शोध लावल्याबद्दल तुझ्या साहेबांनी तुझा सत्कार करावा. आणि त्यासाठी मी काकांच्या दारात जाऊ? जो पंप ओढ्यात ढकलणार होते तो मागायला? गहू वाळला तर वाळला. मी जाणार नाही.

वारा सुटलाय, पण फार नाही.

ताई


१९ मार्च

चि. शहाण्यास,
अनेक आशीर्वाद.

काकाचं पत्र बघून चकित झाला असशील. मी एरवी लिहीत नाही, कारण तुझी पत्रं मला वाचून दाखवली जातात आणि त्यांत माझ्यासाठी पाटीवर काय लिहावं याच्या सूचना असतात. परंतु घडलेली गोष्ट तुझी बहीण तुला नीट सांगणार नाही, म्हणून हे कष्ट.

मी अंगणात सायकलचं चाक दुरुस्त करत होतो. तुझी ताई आली. हातात उपटलेलं गव्हाचं रोप. तुझं म्हणणं खोटं पाडायला तिने म्हणे ते खणून काढलं होतं, आणि मुळं निघाली वीतभर. खाली काही नाही. वरच्या शेतातल्या रोपाची मुळं तिला खणून संपेनात. हे सगळं तिने त्या रोपाकडे बघत सांगितलं, माझ्याकडे नाही. मग म्हणाली, की पंप हवा होता. मी म्हटलं, मला नीट ऐकू आलं नाही. ऐकू उत्तम आलं होतं. तिने पुन्हा सांगितलं, आणि या खेपेला माझ्याकडे बघून सांगितलं, की त्या दिवशी ती जे बोलली ते बोलायला नको होतं, आणि पंप हवाय.

मी फार दिवस या क्षणाची वाट बघत होतो. काय काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. पण तिचा चेहरा बघून त्यातलं काहीच सुचलं नाही, याचा मला अजून राग आहे.

पंप दिला. पण तिने फाडलेल्या पाइपाचा फाटका भाग मी कापून टाकला होता, त्यामुळे पाइप शेताच्या मध्यापर्यंतच पोचतो. सगळ्या गावाचे पाइप आपापल्या शेतात गुंतलेले. अर्ध्या शेताला पाणी मिळालं, उरलेलं तिच्या संतापाच्या खात्यात गेलं. वारा असा सुटलाय की दोरीवरचे कपडे काढायच्या आत कडक होतात.

ओल्या मातीतला गहू तहानलेला दिसला तर पाजायचं नाही, आणि हिरवा दिसला तर पाजायचं. तुमचं शास्त्र मला शेवटपर्यंत कळणार नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही.

काकांवर माया असेल तर पुढच्या पत्रात पाटीचा उल्लेख टाळावा.

तुझा,
काका


१७ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कापणी झाली. तुला हसायला मोकळीक आहे.

पाणी मिळालेल्या अर्ध्यातला दाणा टपोरा, पण ओंब्या विरळ, तू म्हणालास तशा. त्या भागाने वरच्याच्या पाऊणपट दिलं. दुसऱ्या अर्ध्यात ओंबी चोळली की तळहातावर कोंडाच जास्त, दाणा सुरकुतलेला आणि हलका. त्याने निम्मंही दिलं नाही. सगळं मिळून शेत हरलं. पाइप फाडला नसता तर कदाचित तरीही हरलं असतं, पण एवढं नाही.

मी दोन्ही अर्ध्यांतला एकेक मूठ गहू बाबांच्या पांघरुणावर ठेवला आणि सरळ त्यांच्याशीच बोलले. म्हटलं, अट मी हरले, शेत द्या त्याला. त्यांनी दोन्ही मुठी बराच वेळ चाळवल्या, एक दाणा दाताखाली धरून फोडला आणि तोंड खिडकीकडे केलं. निदान खिडकीला तरी काही बोलायचं! तळेवाला काल टेप घेऊन येऊन गेला. मला रडू आलं, आणि ते कामाला येणाऱ्या दोघींनी पाहिलं, त्याचाच जास्त राग आला.

तुझं म्हणणं खरं निघालं, हे एकदाच लिहितेय. पुन्हा विचारू नकोस. तुझ्या टबांचं काय झालं?

तुझी,
ताई


२२ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझी ताई माझ्याशी बोलत नाही, म्हणून मी तिच्याशी बोलत नाही. की उलट आहे, ते आता आठवत नाही. म्हणून तुला लिहितो.

शेत अट हरलं. पण अट मी घातली होती, मोडायची तर तीही मीच. तळेवाल्याला नाही म्हणून कळवलं. त्याने टेप गुंडाळला.

माझ्या खिडकीतून शेत दिसतं एवढंच सगळे धरून चालतात. तुझ्या काकाचं अंगणही दिसतं. ती हातात रोप घेऊन गेली ते मी पाहिलं. त्याने तिला दोनदा बोलायला लावलं, तेही कळलं. काकाला बहिरेपणाचं सोंग लहानपणापासून चांगलं जमतं. ती दोनदा बोलली. मी असतो तर गहू वाळू दिला असता आणि दोष वाऱ्याला दिला असता. तुझा काकाही तेच करता. तूही, पत्रांवरून दिसतोस तसा असशील तर. या घराण्यात शिवी सगळ्यांना देता येते. दिल्यावर पिकासाठी परत जाऊन उभं राहणं तिला कुठून आलं देव जाणे. आईकडून असावं.

शेत तिचं. कागद करायला माणूस बोलावलाय. उन्हाळ्यात त्या शेताखाली निचऱ्याचे पाइप घालायचे आहेत. तू ये. मत आणू नकोस, फावडं आण.

हे तिला तू सांग.

बाबा


३ मे

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेलं बाबांचं पत्र मिळालं. त्यांची खाट आणि माझं स्वयंपाकघर यांच्यात एक भिंत आहे. पत्र मात्र पोस्टाने तुझ्या शहरापर्यंत जाऊन, तुझ्या टेबलावर लोळून, पुन्हा पोस्टाने त्याच भिंतीच्या या बाजूला आलं. एवढा प्रवास आपल्या घरातल्या कुणीही केलेला नाही.

मी ते बांधावर बसून वाचलं, खिडकीकडे पाठ करून. किती वेळ बसले ते कळलं नाही. काका पलीकडून ओरडून विचारत होते, की कुणी मेलं का. त्यांना म्हटलं, नाही, जरा बरं चाललंय, म्हणून सवय नाही.

तुझ्या साहेबांच्या लाडक्या वाणाचे दाणे पाहुण्यांच्या फोटोएवढे भरले नाहीत, हे वाचून आनंद झाला. वजनाचा आकडा त्यांच्या टेबलावर ठेवून तू सुट्टीचा अर्ज वर ठेवलास, हेही बरं केलंस. फावडं आणायची गरज नाही. तुझ्या हाताला सोसेल असं एक इथे आहे, आईचं.

सोबत बाबांसाठी पाकीट आहे. त्यात लिहिलंय, की पाइप कुठून घालायचे ते खिडकीतून ठरणार नाही. खुर्चीत बसवून त्यांना मी आणि काका बांधावर नेणार आहोत, आणि उजवीकडून मी धरणार आहे, कारण दुखरी बाजू ती आहे. आणखी एक ओळ आहे, ती वाचू नकोस.

मायेत ओलावा असू दे, पाणी साचू देऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. क. पाकीट मिळताच तिकीट लावून लगेच टाक. पोस्टमनची वेळ झाली की बाबा खिडकी सोडून दाराकडे बघत बसतात.